डॉक्टर गावात येतात, पण टिकत का नाहीत? बॉण्ड, पीजी आणि आरोग्य केंद्राचं गणित समजून घ्या

अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत साहेबांच्या खुर्चीमागे एक फलक लावलेला असतो. आजवर कोण कोण वैद्यकीय अधिकारी होऊन गेले, कधी आले, कधी गेले, हे त्यावर लिहिलेलं असतं. काही नावांपुढे सहा-सात वर्षं असतात, तर काहींपुढे सहा-सात महिने. गावातले लोक म्हणतात, "आत्ताच तर आले होते, गेले पण?" आणि मग ठरलेलं वाक्य येतं, "आजकालच्या पोरांना सेवा नको, पैसा पाहिजे."

हे वाक्य अर्धंच खरं आहे. तरुण डॉक्टर गावात यायचं की नाही, आणि आल्यावर थांबायचं की नाही, हे एका दिवसात ठरवत नाही. शिक्षणाची वर्षं, कर्ज, पुढची परीक्षा, राहायची सोय, जोडीला माणूस आहे की नाही, अशा बऱ्याच गोष्टी त्यात असतात. त्यातल्या काही सरकारच्या हातात आहेत, काही त्या डॉक्टरच्या आणि काही चक्क गावाच्या. रात्री कुणाला साप चावला किंवा बाळंतपण अडलं, तर केंद्रात डॉक्टर आहे की नाही यावर जीव अवलंबून असतो. म्हणून हे गणित गावानेही समजून घ्यायला हवं.

आपल्या भागात डॉक्टर किती असायला हवेत?

भारतात प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना १९४६ च्या भोर समितीच्या अहवालातून आली. आज देशात लोकसंख्येनुसार निकष असे आहेत:

- उपकेंद्र: सपाट भागात ५,००० लोकांमागे एक, आदिवासी व डोंगरी भागात ३,००० लोकांमागे एक. इथे एमबीबीएस डॉक्टर नसतो. आरोग्य सेविका, आरोग्य सेवक आणि अलीकडे समुदाय आरोग्य अधिकारी असतात.
- प्राथमिक आरोग्य केंद्र: सपाट भागात ३०,००० लोकांमागे, आदिवासी व डोंगरी भागात २०,००० लोकांमागे एक. आपल्या राज्यात इथे साधारण दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदं मंजूर असतात.
- ग्रामीण रुग्णालय (देशपातळीवर याला सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणतात): सपाट भागात १,२०,००० आणि आदिवासी भागात ८०,००० लोकांमागे एक. इथे तज्ज्ञ डॉक्टर अपेक्षित असतात.

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, तर ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाकडे. हा फरक लक्षात ठेवा, कारण मागणी किंवा तक्रार कुठे करायची हे त्यावर ठरतं.

पद मंजूर असणं वेगळं, भरलेलं असणं वेगळं आणि भरलेल्या पदावरचा डॉक्टर मुक्कामी असणं आणखी वेगळं. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार, देशातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानाने तज्ज्ञ डॉक्टर जवळपास ८० टक्के कमी होते. म्हणजे पाच तज्ज्ञ लागतात तिथे कसाबसा एक.

डॉक्टर व्हायला किती वर्षं लागतात?

बारावीनंतर नीट परीक्षा. मग साडेचार वर्षं एमबीबीएस आणि एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे एकूण साडेपाच वर्षं. नीटसाठी एखाद-दोन वर्षं रिपीट केलं असेल तर एमबीबीएस होईपर्यंत पंचविशी येते.

पण आज नुसत्या एमबीबीएसवर थांबायला फारच थोडे तयार असतात. समाजात "एमबीबीएसच का? पुढे काय केलं?" असं सहज विचारलं जातं. पेशंटही थेट "हाडाचा डॉक्टर", "हार्टचा डॉक्टर" शोधतो. म्हणून एमडी किंवा एमएस करायचं, त्याला आणखी तीन वर्षं. सुपरस्पेशालिटी करायची तर त्यापुढे अजून तीन वर्षं. सगळं एका दमात झालं तरी माणूस तिशी गाठतो.

मधली अडचण म्हणजे पीजीची जागा. २०१४ मध्ये देशात एमबीबीएसच्या साधारण ५१ हजार जागा होत्या, आता त्या १ लाखाच्या वर गेल्या आहेत. पीजीच्या जागाही वाढल्या, पण नीट-पीजीला दरवर्षी २ लाखांहून जास्त डॉक्टर बसतात आणि जागा त्याच्या निम्म्याही नाहीत. त्यात सगळ्यांना हव्या असतात त्या मेडिसीन, बालरोग, रेडिओलॉजी, त्वचारोग अशा शाखा. म्हणून इंटर्नशिप संपली की बरेच डॉक्टर एक-दोन वर्षं नुसता अभ्यासच करतात, आणि नेमका हाच काळ गावात नोकरी करायचा असतो.

दिवसभर ओपीडी, रात्री डिलिव्हरी आणि त्यातून वेळ मिळाला तर पुस्तक, अशी त्या पोराची किंवा पोरीची ओढाताण असते. पीजीला नंबर लागला की तो डॉक्टर जाणारच. गावाला वाटतं सोडून गेला. त्याच्या दृष्टीने मात्र शिक्षणच अर्धं झालेलं असतं.

बॉण्ड म्हणजे नक्की काय?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना सरकार बराच खर्च उचलतं. त्याच्या बदल्यात विद्यार्थी लिहून देतो की शिक्षण झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा करीन. हेच बंधपत्र, बोलीभाषेत बॉण्ड. सेवा केली नाही तर दंड. महाराष्ट्रात ही रक्कम एमबीबीएससाठी १० लाख, पीजीसाठी ५० लाख आणि सुपरस्पेशालिटीसाठी २ कोटी रुपये अशी ठरवण्यात आली होती. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून प्रवेश घेताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका आणि बंधपत्राचा कागद नीट वाचून घ्यावा.

बॉण्डमुळे अनेक केंद्रांना डॉक्टर मिळतो, हे खरं आहे. दुर्गम भागात बॉण्डवरचा डॉक्टर नसता तर दवाखाना फक्त सिस्टर आणि औषध निर्माण अधिकाऱ्यांवर चालला असता. पण बॉण्डला मर्यादाही आहेत.

पहिली मर्यादा म्हणजे मुदत एका वर्षाची. गावातली माणसं, कुठल्या वाडीवर कुणाला शुगर आहे, कुठल्या घरात जोखमीची गरोदर बाई आहे, हे कळेपर्यंत सहा महिने जातात. पुढच्या सहा महिन्यांत डॉक्टरचं लक्ष निघायच्या तारखेकडे लागतं.

दुसरी म्हणजे बॉण्डची सेवा गावातच होईल असं नाही. काहींची नेमणूक वैद्यकीय महाविद्यालयांतल्या रुग्णालयांतही होते.

तिसरी म्हणजे सक्तीने आलेला माणूस मनाने आलेला असतोच असं नाही. तरी बॉण्डच्या वर्षात पहिल्यांदा गाव बघून तिथेच रमलेले डॉक्टरही आहेत. ते पहिलं वर्ष कसं गेलं, यावर पुढचं बरंच ठरतं.

पगार कमी म्हणून येत नाहीत का?

पगार हा मुद्दा आहे, पण एकटा नाही. राज्याच्या आरोग्य सेवेतल्या गट-अ वैद्यकीय अधिकाऱ्याची वेतनश्रेणी ५६,१०० रुपये मूळ पगारापासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता आणि इतर भत्ते मिळतात. खेड्याच्या मानाने ही रक्कम चांगली आहे. कंत्राटी डॉक्टरांचं मात्र वेगळं असतं. ठरलेलं मानधन, अकरा-अकरा महिन्यांचे करार आणि पुढच्या वर्षी नोकरी राहील की नाही याची खात्री नाही.

ज्याने खाजगी महाविद्यालयातून शिक्षण घेतलं, त्याचं गणित आणखी वेगळं. काही अभिमत विद्यापीठांत वर्षाची फी २० लाखांच्या वर जाते. घर, शेत गहाण टाकून किंवा बँकेचं कर्ज काढून शिकलेल्या डॉक्टरला हप्ते भरायचे असतात. तो शहरातलं मोठं हॉस्पिटल किंवा स्वतःची प्रॅक्टिस निवडतो, यात नवल नाही.

पण सरकारी फीमध्ये शिकलेले, कर्ज नसलेले डॉक्टरही गाव सोडतात. त्यामागची कारणं साधारण अशी असतात:

- क्वार्टर: छप्पर गळतं, पाणी नाही, दाराला नीट कडी नाही. मग डॉक्टर तालुक्याच्या ठिकाणी राहतो आणि रात्री केंद्र रिकामं असतं.
- एकटेपणा: दोन पदांपैकी एक रिकामं असेल तर चोवीस तास, तीसही दिवस एकाच माणसावर भार. सुट्टी मागायची तर बदली कोण देणार?
- कामाचा पसारा: ओपीडीशिवाय लसीकरण, क्षयरोग, हिवताप, कुटुंब नियोजन शिबिर, आश्रमशाळेची तपासणी, यात्रेतली ड्युटी, मीटिंग आणि ऑनलाइन रिपोर्ट. डॉक्टरकी कमी आणि कागद जास्त, ही तक्रार नेहमीची आहे.
- कुटुंब: जोडीदारही डॉक्टर किंवा नोकरदार असेल तर त्याला किंवा तिला जवळपास काम हवं. मुलांना शाळा हवी.
- शिकणं थांबतं: सल्ला विचारायला वरिष्ठ नाही, तपासणीची साधनं नाहीत. जे शिकलो ते विसरून जाऊ, अशी भीती तरुण डॉक्टरला असते.
- सुरक्षितता: पेशंट दगावला की नातेवाईक अंगावर येतात. महिला डॉक्टरला रात्री एकटीने ड्युटी करायची तर ही काळजी दुप्पट. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ड्युटीवरच्या तरुण महिला डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. त्यानंतर देशभरातल्या डॉक्टरांनी हाच प्रश्न रस्त्यावर आणला.

एकट्या तज्ज्ञाला बोलावून भागत नाही

"आमच्या ग्रामीण रुग्णालयात सर्जन आहे, मग ऑपरेशन का होत नाही?" असं लोक विचारतात. सिझेरियनचंच उदाहरण घ्या. त्याला स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो, भूल देणारा डॉक्टर लागतो, बाळासाठी बालरोगतज्ज्ञ लागतो आणि रक्ताची सोय लागते. यातला एक दुवा नसला तरी पेशंट पुढे रेफर करावा लागतो. भूलतज्ज्ञ नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ असूनही हात बांधलेले.

अशा ठिकाणी तज्ज्ञ डॉक्टरला काही महिन्यांतच वाटायला लागतं की आपलं शिक्षण वाया चाललंय. तो निघून जातो. म्हणून एका तालुक्यात एक, दुसऱ्यात एक असे तज्ज्ञ विखरून नेमण्यापेक्षा एका रुग्णालयात पूर्ण जोडी उभी करणं जास्त उपयोगी पडतं. तालुक्याने मागणी करताना "तज्ज्ञ द्या" एवढंच न म्हणता "स्त्रीरोग आणि भूलतज्ज्ञ सोबत द्या, रक्तसाठ्याची सोय करा" असं नेमकं मागावं.

जे राहिले, ते कसे राहिले?

महाराष्ट्रात गावात जाऊन मोठं काम उभं केलेल्या डॉक्टरांची परंपरा आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, दगावत. त्यांनी प्रत्येक पेशंटजवळ बसून नोंदी ठेवल्या. पुढे पुण्यात एमडी केलं आणि पुन्हा रायगड जिल्ह्यातच परतले. प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध विंचूदंशावर चालतं हे त्यांनी दाखवून दिलं आणि मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आलं. त्यांचं संशोधन 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावात राहिलं की शिकणं थांबतं, या समजाला हे उत्तर आहे.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांनी आरोग्यसेविका तयार केल्या. सगळा भार डॉक्टरच्याच खांद्यावर टाकायची गरज नाही, हे जामखेडने देशाला शिकवलं. हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ पासून दवाखाना चालवला, आज त्यांची पुढची पिढी तिथेच डॉक्टर म्हणून काम करते. मेळघाटातल्या बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे राहिले, २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री जाहीर झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत घडवली.

यातली बरीच कामं जोडप्यांनी उभी केली आहेत, हे ध्यानात घ्यायला हवं. सोबत समजून घेणारा जोडीदार होता, म्हणून एकटेपणा आला नाही. आणि ही माणसं असामान्य होती. दर तीस हजार लोकांमागे एक बाबा आमटे किंवा एक बंग मिळणार नाही. गावाला हवाय तो साधा, प्रामाणिक, वेळेवर ओपीडीत बसणारा आणि तीन-चार वर्षं टिकणारा डॉक्टर. त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा ठेवण्यापेक्षा त्याला काम करता येईल अशी सोय करणं सोपं आहे.

कोणता डॉक्टर टिकण्याची शक्यता जास्त?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२१ मध्ये त्या सुधारल्या. त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा असा: जे विद्यार्थी खेड्यात वाढले, ते पुढे खेड्यात काम करण्याची शक्यता जास्त असते. शिकतानाच गावात काम केलेलं असेल तर त्याचाही फायदा होतो. त्याला राहण्याची चांगली सोय, सुरक्षित कामाची जागा आणि पुढे जाण्याची संधी यांची जोड लागते.

आपल्याकडे या दिशेने काही गोष्टी झाल्या आहेत. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं, तिथले विद्यार्थी सुरुवातीलाच गावात मुक्काम करून कुटुंबांशी जोडले जातात. 'सर्च'च्या 'निर्माण' उपक्रमातून २००६ पासून अनेक तरुण डॉक्टर गावाकडच्या सरकारी दवाखान्यांत गेले. आता देशभर एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करावा लागतो. पीजीच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालय पातळीवर काम करावं लागतं.

सर्वात मोठं आकर्षण म्हणजे सेवेत राहून पीजी. सरकारी सेवेतल्या डॉक्टरांना पीजीत राखीव जागा देण्याचा अधिकार राज्यांना आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. २०२२ मध्ये महाराष्ट्रानेही अशा डॉक्टरांसाठी २० टक्के जागा ठेवण्याचा निर्णय घेतला. गावात काही वर्षं काम केलं तर पीजीची वाट बंद होत नाही, उलट उघडते, असं दिसलं की तरुण डॉक्टर जास्त काळ थांबायला तयार होतो.

गावाच्या हातात काय आहे?

पदं भरणं सरकारचं काम आहे, त्याला पर्याय नाही. पण आलेला डॉक्टर टिकवण्यासाठी गावही बरंच करू शकतं.

१. क्वार्टरची दुरुस्ती, पाणी, दिवे आणि कंपाउंड यांचा विषय ग्रामसभेत आणि केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत लावून धरा. समितीकडे निधी येतो. तो कशावर खर्च झाला हे विचारायचा हक्क गावाला आहे.

२. दुसरं पद रिकामं असेल तर तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा. ग्रामीण रुग्णालयाचा प्रश्न असेल तर वैद्यकीय अधीक्षक आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जा. अर्जाची पोच घ्या. 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

३. डॉक्टर हजर नसेल तर जाब जरूर विचारा, पण सनदशीर मार्गाने. डॉक्टरवर हात उगारणं किंवा दवाखान्याची तोडफोड करणं हा २०१० च्या राज्य कायद्यानुसार अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई अशी तरतूद आहे. शिवाय एका मारहाणीनंतर त्या केंद्रात यायला दुसरा डॉक्टर चटकन तयार होत नाही.

४. रात्री बारा वाजता साध्या सर्दीसाठी डॉक्टरला उठवू नका. त्याची झोप साप चावलेल्या आणि अडलेल्या बाईसाठी राखून ठेवा. तातडीच्या वेळी १०८ ला फोन करा आणि त्याच वेळी केंद्रालाही कळवा.

५. सलाईन आणि इंजेक्शन दिलं तरच डॉक्टर चांगला, हा हट्ट सोडा. गरज नसताना सुई न टोचणारा तरुण डॉक्टर अनेकदा याच कारणाने नावडता होतो आणि कंटाळून जातो.

६. महिला डॉक्टर असेल तर रात्रपाळीला सोबत शिपाई किंवा सुरक्षारक्षक आहे ना, हे गावाने बघावं.

घरात डॉक्टर होऊ पाहणारं मूल असेल तर

गावातल्या मुला-मुलींनी वैद्यकीय शिक्षण घेणं हा या प्रश्नावरचा सर्वात टिकाऊ उपाय आहे. त्यांना भाषा कळते, माणसं कळतात, घर जवळ असतं. पालकांनी काही गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. सरकारी महाविद्यालयाला पहिली पसंती द्यावी, कारण कर्ज कमी असेल तर पुढे काम निवडायचं स्वातंत्र्य राहतं. बॉण्डचं वर्ष टाळायचं कसं, यापेक्षा ते कुठल्या केंद्रात करायचं याचा विचार करावा. पीजी लगेच नाही मिळाली तरी आयुष्य संपत नाही. दोन वर्षांचे पदविका अभ्यासक्रमही आहेत. २०२० पासून राष्ट्रीय परीक्षा मंडळाने भूलशास्त्र, स्त्रीरोग, बालरोग, कुटुंबवैद्यक अशा शाखांत ते सुरू केले. ग्रामीण रुग्णालयांना हेच तज्ज्ञ सर्वात जास्त हवे असतात.

आणि आपली मुलगी किंवा मुलगा एमबीबीएस होऊन गावच्या केंद्रात रुजू झाला, तर "शहरात जमलं नाही वाटतं" असं कुणी म्हणू नये. तरुण डॉक्टर गाव निवडायला कचरतात त्याच्या कारणांत हे बोलणंही आहे, आणि ते थांबवायला ना निधी लागतो, ना शासन निर्णय.